बारानंतर फक्त पाणी

२२ एप्रिल. वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळते आहे. पन्नास किलोंपैकी तीस झाले, वीस उरलेत. हात कोपरापर्यंत तेलकट झाले, मान धरली, म्हणून साबणानं दोनदा हात धुऊन लिहायला बसले. माझ्या भावाची मुलगी सुटीला आली आहे. तिला परवा कपाटात तिच्या बापाचा एक फोटो सापडला. नऊ वर्षांचा सुमेध, डोक्याचं मुंडण, अंगावर भगव्या-तपकिरी रंगाचं चीवर, हातात भिक्षापात्र आणि चेहऱ्यावर, आता यात खायला काय पडणार, हा प्रश्न. तिनं विचारलं, पप्पा भन्ते झाले होते का? किती दिवस? मी म्हटलं, दोन. फोटोमागं तर दहा दिवसांचं शिबिर लिहिलंय, ती म्हणाली. मी तिला म्हटलं, लिहून देते. ही गोष्ट तोंडानं सांगायला लागले की मी अजून घाबरते, आणि घाबरले की समोरच्यावर ओरडते. त्यापेक्षा कागद बरा.

आमचं घर अंबडच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला होतं. दोन खोल्या, वर पत्रे. पप्पा एका कंपनीत फिटर होते. शेजारच्या कारखान्यात पत्रा दाबायचं मोठं यंत्र दिवसभर धाडधाड चालायचं, आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला आमच्या मांडणीवरची भांडी केसभर पुढं सरकायची. आई दिवसातून दोनदा, एकदा पोळ्या झाल्यावर आणि एकदा दिवेलागणीला, सगळी भांडी हातानं मागं ढकलून ठेवायची. रविवारी यंत्र बंद असलं की घरात चुकल्यासारखं वाटायचं. पप्पा पहिल्या पाळीला असले की आई पाचला उठायची, स्टोव्हला पिन मारायची, आणि मग भाकरी थापल्याचा आवाज यायचा. डब्यात भाकरी, खुरासणीची चटणी आणि कांदा ठरलेला. कांद्याला आमच्याकडे तोटा नव्हता. आई देवळ्याची. माहेरून दरवर्षी गोणी यायची आणि खाटेखाली पसरून ठेवलेल्या कांद्यांच्या वासावरच आम्ही झोपायचो. आई आमच्याशी शाळेतल्यासारखं मराठी बोलायची, वसाहतीत तसंच बोलायची. फक्त घाबरली की तिची अहिराणी बाहेर यायची. त्यामुळे आईला भीती वाटते आहे हे आम्हाला तिच्या तोंडाकडे न बघताही कळायचं.

सुमेध माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो जागा झाला की आधी त्याला खायला लागायचं. तोंड धुणं, मोरीवर जाणं, सगळं नंतर. पहाटे चार-साडेचारला तो मला कोपरानं ढोसायचा, आणि मी उशाचा डबा उघडून त्याला ग्लुकोजची दोन बिस्किटं आणि पाणी द्यायची. तो डोळे न उघडताच खायचा आणि पुन्हा झोपायचा. हे काम आधी आईकडे होतं. मी आठ वर्षांची झाल्यावर आईनं ते माझ्याकडे दिलं, कारण तिला तेवढीच तासभर सलग झोप मिळायची. अंथरुणात चुरा, चुऱ्याला मुंग्या, मुंग्या माझ्या फ्रॉकमध्ये. वसाहतीत त्याला सगळे हावऱ्या म्हणायचे. कुणाकडे बारसं असो की कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, पंगतीला आधी सुमेध बसलेला. पलीकडच्या काकू म्हणायच्या, हा मागच्या जन्मी दुष्काळात गेला असणार. त्यावर पप्पा त्यांना मागचा-पुढचा जन्म आपण मानत नाही हे समजावून सांगायचे, आणि तोवर सुमेधचं दुसरं ताट संपलेलं असायचं.

एकदाच हे बिस्किटाचं चुकलं होतं. मामाच्या लग्नाला देवळ्याला गेलो होतो, तो सहा वर्षांचा होता. आदल्या दिवशी त्याचं पोट बिघडलेलं, आणि सकाळी तो पांढराफटक पडून राहिला. हाक मारली तर बघायचा, पण ओळखत नसल्यासारखा. थोरल्या मामीनं पाकासारखा गोड चहा चमच्याचमच्यानं पाजला आणि तासाभरात तो मांडवात पळायला लागला. ऊन लागलं, असं सगळ्यांनी ठरवलं. आई तेवढी दिवसभर त्याच्यामागे फिरत होती आणि कुणाशी बोलत नव्हती. मला तेव्हा वाटलं, लग्नघरात कामं टाळते आहे.

आमच्या घरात उपासतापास नव्हते, हे इथं सांगायला हवं. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, सगळं आजोबांनी दीक्षेच्या वेळी सोडलं होतं आणि पप्पांना त्याचा अभिमान होता. उपाशी राहून कुणाचं भलं झालंय, आपली माणसं पिढ्यान् पिढ्या उपाशीच होती की, असं ते म्हणायचे. ते बरोबरच होतं. पण आज हिशेब करते तेव्हा वाटतं, आम्ही उपास करणारे असतो तर सुमेधचं दुखणं पाचव्या वर्षीच उघडं पडलं असतं. उपास न करणाऱ्या घरात, रात्रीअपरात्री खायला देणाऱ्या आईच्या आणि बहिणीच्या हाताखाली ते नऊ वर्षं लपून राहिलं.

सुमेध नऊ वर्षांचा असताना, मे महिन्यात आमच्या वसाहतीतल्या विहारात दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर ठरलं. लहान मुलांनी तेवढ्या दिवसांपुरती प्रव्रज्या घ्यायची, मुंडण करायचं, चीवर घालायचं, भिक्षूंसारखं राहायचं. विदर्भातून एक वयस्कर भन्तेजी आले होते. आवाज इतका हळू की मुलं गप्प बसल्याशिवाय ऐकूच यायचा नाही, त्यामुळे मुलं गप्प बसायची. पप्पांनी सुमेधचं नाव पहिल्या दिवशीच दिलं. आमच्या घराण्यातला पहिला श्रामणेर. पप्पांनी कंपनीत पेढे वाटले, आधीच. दहा शिलांतलं एक शील विकालभोजनाचं, म्हणजे दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, फक्त पाणी. हा उपास आहे असं आमच्यातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही. उपास आम्ही सोडले होते, हे तर शील होतं. पप्पांसारखा प्रत्येक गोष्ट तपासून घेणारा माणूस, पण त्यांनीही अकरा वाजल्यापासून सकाळी सहापर्यंतचे तास मोजले नाहीत. आई एकदा म्हणाली, त्याला सकाळी लागतं काहीतरी. पप्पा म्हणाले, सवय आहे ती, मोडेल. आईनं वाद घातला नाही. तिनं त्याच्या पिशवीत टॉवेलच्या घडीत बिस्किटांचे दोन पुडे सरकवले.

ते मी काढले. पिशवी भरायचं काम माझ्याकडे होतं, पुडे हाताला लागले, आणि मी ते काढून घेतले. मी तेरा वर्षांची होते. मला त्याच्या हावरेपणाची लाज वाटायची, आणि पाच वर्षं रोज पहाटे उठण्याचा कंटाळाही आला होता. दहा दिवसांत याची सवय मोडली तर आपली सुटका, असा सरळ विचार होता. मी त्याला मोरीपाशी नेऊन सांगितलं, दहा दिवस कुणाकडे मागायचं नाही, आपल्या घराची शोभा करायची नाही. त्यानं मान डोलावली. एक पुडा मी घरामागं बसून खाल्ला. दुसरा डब्यात ठेवला.

शिबिराच्या पहिल्या दिवशी भन्तेजींनी मुलांना नियम सांगितले. मी तिथंच होते. आम्हा मुलींकडे पाणी भरणं आणि वाढणं होतं. ते म्हणाले, ज्याला बरं नसेल, अशक्त वाटेल, त्यानं लाजू नये, त्या कोपऱ्यात स्टीलच्या पिंपात गुळाचं पाणी आहे. पण मुलं ती मुलं. त्यांनी आपसात ठरवलं, जो त्या पिंपाला हात लावेल तो कच्चं लिंबू. पहिल्या दिवशी दुपारनंतर सुमेधनं सामानाच्या खोलीतून गुळाचा खडा उचलला, आणि आठवीतल्या एका मुलानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी रांग त्याला पाहून खुदखुदत होती. एकानं मला विचारलं, काय गं विशाखा, तुमच्यात दहा शिलांपैकी नऊच असतात का? मी हसले नाही, पण घरी जाऊन रडले.

त्या दुसऱ्या दिवशी त्याला सर्दी होती आणि अंग कोमट होतं. अकराच्या भोजनात त्यानं दोन घास वरणभात खाल्ला आणि पानातली जिलबी शेजारच्या मुलाला दिली. मी वाढत होते, मी हे डोळ्यांनी पाहिलं. सुमेधनं जिलबी दिली! मला वाटलं, सुधारला. माझ्या आयुष्यात मी इतकी मोठी चूक इतक्या समाधानानं दुसरी केलेली नाही. चारला मुलांना लेणी बघायला चालत नेलं. रस्ता, मग डोंगराच्या पायऱ्या, मग परत. साडेसहाला रांग परतली तेव्हा मी विहाराच्या ओट्यावर माठ भरत होते. तो रांग सोडून माझ्याजवळ आला. चीवराचा सोगा त्यानं मुठीत धरला होता, कारण तो सारखा पायात यायचा.

"ताई, गुळाचं पाणी पिऊ का थोडं?"

"का?"

"पोटात कसंतरी होतंय. पाय जड झालेत."

"सगळ्यांचेच झालेत. प्यायलास की उद्या पुन्हा हसतील. सकाळी आई खीर आणणारे, तोवर दम धर."

त्यानं सोगा दुसऱ्या मुठीत घेतला. मग म्हणाला, "बरं. मग साधं दे."

मी त्याला माठातलं पाणी दिलं. तो एका दमात प्यायला, तांब्या मला परत दिला आणि आत गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळचा आहार आमच्या घरचा होता. आईनं तांदळाची खीर केली आणि आम्ही दोघी पातेल्याचे दोन कान दोन फडक्यांनी धरून विहारात पोचलो, तेव्हा नुकतं फटफटत होतं. मुलं वंदनेला बसली होती, आवाज सुरू झाला होता. मी रांग मोजली. सवयीनं. एक कमी. पातेलं खाली टेकताच मी निजायच्या खोलीत गेले. सुमेध चटईवर कुशीवर पडला होता. मला आधी वाटलं, झोपला आहे. मग मी त्याच्या डोक्याला हात लावला, तर मुंडण केलेलं डोकं ओलं आणि थंड, मोरीतल्या फरशीसारखं. हाक मारली, हलवलं, चिमटा काढला. त्याचा उजवा हात मध्येच झटका दिल्यासारखा उडायचा आणि पडायचा. डोळे अर्धे उघडे होते आणि त्यात कुणी नव्हतं. आई दारात आली, तिनं पाहिलं आणि ती जिथं होती तिथंच खाली बसली.

"मना पोऱ्या उठी नही ऱ्हायना," ती म्हणाली. ओरडली नाही. कुणाला सांगत नव्हती, माझा पोरगा उठत नाहीये, असं स्वतःशीच म्हणाली. आणि मला त्या क्षणी कळलं की हे वाक्य ती पहिल्यांदा म्हणत नाही.

मी पिंपाकडे पळाले, पेलाभर गुळाचं पाणी आणलं आणि त्याच्या तोंडात ओतणार, तोच भन्तेजींनी माझा हात धरला. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजू नको, गुदमरेल, म्हणाले. त्यांनी स्वतःची शाल काढून त्याला गुंडाळलं. समोर रफिकचाचांची रिक्षा उभी असायची. ते दात घासत होते, तसेच निघाले. रिक्षात आईच्या मांडीवर त्याचं डोकं, माझ्या मांडीवर पाय. मी त्याच्या पोटावर हात ठेवून बसले, कारण श्वास चालू आहे की नाही हे हातालाच कळत होतं. मधेच एक मोठा थांबा आला. मी मोजलं, एक, दोन, तीन, चार. मग पोट वर आलं. इंदिरानगरपर्यंतचा रस्ता मी असा मोजत गेले. आजही रिक्षात बसले की माझा हात पोटाशी जातो.

इंदिरानगरला लहान मुलांचा एक छोटा दवाखाना होता. डॉक्टरबाई वरच राहायच्या, गाऊनवरच खाली आल्या. त्यांनी बोटातून रक्ताचा थेंब काढून पट्टीवर घेतला, आकडा पाहिला, पुन्हा एकदा घेतला, आणि नर्सला साखरेची सलाईन आणायला अशा आवाजात सांगितलं की नर्स पळाली. झटके थांबले. पण तो उठला नाही. आठ वाजले, नऊ वाजले. पप्पा पाळी सोडून तेलकट कपड्यांतच आले. भन्तेजी बाहेरच्या बाकावर बसून होते, आणि पप्पा त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दहाच्या सुमारास डॉक्टरबाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्या म्हणाल्या, साखर इतकी खाली गेलेली मी क्वचित पाहिली आहे. आणि एक कोडं आहे. माणूस उपाशी राहिला की शरीर चरबी जाळतं आणि त्याची खूण लघवीत उतरते. याच्या लघवीत ती खूणच नाही. घरात किंवा शिबिरात कुणाच्या मधुमेहाच्या गोळ्या होत्या का? यानं खाल्ल्या का? तसं काही असेल तर मला पोलिसांना कळवावं लागेल. पप्पांनी दाराकडे, म्हणजे बाकाकडे पाहिलं. भन्तेजींना मधुमेह होता, वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं. पप्पांचा चेहरा बदलताना मी पाहिला. आई म्हणाली, परवापर्यंत चांगला जेवत होता हो. पप्पा म्हणाले, आम्ही पोरगं त्यांच्या हवाली केलं होतं. एवढं बोलून ते उठलेच.

मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. हे मी स्वतःला चांगलं वाटावं म्हणून लिहीत नाही, कारण मी बराच वेळ गप्पच होते. पप्पा उठून दारापर्यंत गेले, तोवर. सुमेध मेला तर मी मारला, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, आणि ते सांगितलं नाही तर ते खरं होणार नाही असंही वाटत होतं. मग मी टेबलाकडे बघत सांगायला लागले. तो रोज पहाटे खातो. लहान असल्यापासून. मीच देते. पिशवीतली बिस्किटं मी काढली. काल जिलबी खाल्ली नाही. संध्याकाळी गुळाचं पाणी मागत होता, मी नको म्हटलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "रोज? एकही दिवस न चुकता?"

"एकदा चुकलं होतं," मी म्हटलं, आणि देवळ्याच्या लग्नातलं सांगितलं.

पप्पांनी मला मारलं नाही. ते दारात उभे होते तसेच उभे राहिले. डॉक्टरबाईंनी आईकडे वळून विचारलं, याच्याआधीचं एखादं मूल गेलंय का? मी तर आईला दोनच मुलं आहेत असं धरून चालले होते. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग बोलली, तेही आमच्याकडे न बघता. माझ्यानंतर, सुमेधच्या आधी, एक मुलगा झाला होता. सात महिन्यांचा होता. दोन दिवस ताप, दूध प्यायला नाही, शांत झोपला म्हणून तिनंही डोळे मिटले. सकाळी उठला नाही. पप्पांच्या आईनं सगळ्यांना सांगितलं, ही अंगावर पाजताना झोपली, लेकरू हिच्याखाली आलं. आईनं कधी नाही म्हटलं नाही. तिला स्वतःलाच खात्री नव्हती. सुमेध झाल्यापासून ती त्याला रात्री उठवून पाजायची ती त्याला भूक लागायची म्हणून नव्हे, तो उठतो का ते बघायला.

"बाई," डॉक्टर म्हणाल्या, "ते मूल तुमच्या अंगाखाली गेलं नसावं. त्यालाही हेच असावं, असं मला वाटतं. अजून खात्रीनं सांगत नाही. पण मला वाटतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू पुडे काढलेस हे वाईट केलंस. सांगितलंस हे बरं केलंस. दोन्ही लक्षात ठेव." मी दोन्ही लक्षात ठेवली आहेत.

त्या दुखण्याचं नाव आम्हाला वीसेक वर्षांनी कळलं, सुमेधच्या लग्नाच्या वेळी मुंबईत तपासण्या झाल्या तेव्हा. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पोटातलं आणि यकृतातलं साखरेचं गाठोडं संपलं की शरीर चरबी काढतं आणि तिचे तुकडे करत करत जाळतं. प्रत्येक मापाच्या तुकड्याला वेगळी कात्री, आणि ती कात्री म्हणजे एक प्रथिन. सुमेधच्या एका कात्रीची घडणच बिघडलेली, जन्मापासून. मग मधल्या मापाचे तुकडे न कापता साचतात. ते नुसते साचत नाहीत, दुसऱ्या चांगल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात, आणि ज्याला चिकटतील त्याचं काम बिघडवतात. मी म्हटलं, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर तेलाचा चिकटा बसतो आणि पंखा जड फिरायला लागतो, तसं? ते म्हणाले, फॅन चालू असताना घर पेटलेलं आहे असं धरा, मग तसं. मला तो माणूस आवडला. औषध काय, तर उपाशी राहायचं नाही. आजारी पडला, उलट्या झाल्या, खाता येईना, तर घरी बसायचं नाही, तडक सलाईन. बस. एवढंच औषध सुमेध आमच्याकडे रोज पहाटे कोपरानं ढोसून मागत होता.

त्या दिवशी इंदिरानगरला डॉक्टरबाईंच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी भन्तेजींच्या शेजारी बाकावर बसले. पप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले, वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि आत गेले. मी भन्तेजींना सगळं पुन्हा सांगितलं, कारण आता मला थांबता येत नव्हतं. ते ऐकत होते. मग त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "आजाऱ्याला गूळ, मध, तूप दुपारनंतरही चालतं. तसं नियमातच सांगितलंय. तो शील मोडत नव्हता, बाळ. तो ते नीट पाळत होता. मलाही दिसायला हवं होतं." त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुपार झाली. माझ्यासमोर डबा आला, तो तसाच गेला. नर्स तासातासाला बोटातून रक्त घ्यायची आणि मान हलवायची, म्हणजे आकडा ठीक आहे. आकडा ठीक होता, पण सुमेध नव्हता. डॉक्टरबाई दर वेळी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघायच्या आणि कागदावर वेळ लिहून जायच्या. आई त्याच्या तळपायाला हात लावून उभी होती. बसत नव्हती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसले होते, कारण प्रत्येक पाच मिनिटांनी तो उठण्याची शक्यता कमी होते असं मला कुणी न सांगता कळत होतं. चार वाजून गेले होते. पप्पा त्याच्या उशाशी होते. त्याचे ओठ हलले. पप्पा वाकले. सुमेधनं डोळे उघडले, पप्पांना पाहिलं, आणि घोगऱ्या आवाजात विचारलं,

"बारा वाजले का?"

उन्हं खिडकीतून तिरपी आत आली होती. पप्पांनी आयुष्यात आम्हाला एक शिस्त लावली होती, खोटं बोलायचं नाही. ते म्हणाले, "नाही रे. अजून वाजायचेत."

"मग मला भूक लागलीये," सुमेध म्हणाला. आई तेव्हा खाली बसली.

रात्री आई त्याच्याजवळ राहिली, मी आणि पप्पा घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला आपोआप जाग आली, कुणी ढोसलं नव्हतं तरी. उठून तांदळाची पेज केली, साखर घातली, किटलीत भरली आणि पप्पांच्या सायकलवर मागं बसून दवाखान्यात गेले. आई खुर्चीत मान टाकून झोपली होती. सुमेध पाठीवर झोपला होता, तोंड उघडं, हाताला सलाईन. नर्स म्हणाली, साखर एकदम छान आहे, झोपू दे त्याला. मी हो म्हटलं. ती बाहेर गेल्यावर मी किटली खाली ठेवली, त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला गदागदा हलवलं. तो दचकून उठला, मला गाढव म्हणाला, आईला सांगेन म्हणाला. मी त्याला चार चमचे पेज पाजली. तो कुरकुरत पुन्हा झोपला. मी खाटेच्या कडेला बसून शंभर आकडे मोजले, आणि त्याला पुन्हा हलवून उठवलं.